आज काय दिसलं? हौशी निसर्गनिरीक्षकांना नेहमी पडणारे प्रश्न

गच्चीवर उतरलेला अनोळखी पक्षी, जिन्यातल्या भिंतीला चिकटलेला वितभर पतंग, बांधावर सळसळत गेलेली धामण. असं काही दिसलं की ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं. ते कसं सांगावं, कुठं नोंदवावं आणि कधी गप्प बसावं, याबद्दल नव्याने निरीक्षण सुरू करणारी मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरं. उदाहरणं बहुतेक पुण्याच्या टेकड्या, सह्याद्री आणि कोकणातली आहेत, कारण माझं फिरणं तिथलं.

मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही. माझ्या नोंदींचा कुणाला काय उपयोग?

मोठा उपयोग आहे. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा देशव्यापी अहवाल निघाला. त्यात ९४२ जातींचा विचार झाला आणि त्यातल्या १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं, असा निष्कर्ष निघाला. हे सगळं तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभं होतं. या निरीक्षकांत शिक्षक, बँकेतली माणसं, शेतकरी, विद्यार्थी, निवृत्त मंडळी असे सगळे आले. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ, म्हणजे चाष, देशभर झपाट्याने कमी होतोय, ही गोष्ट याच नोंदींमधून आकड्यांनिशी समोर आली. गावच्या विजेच्या तारेवर चाष बसलाय की नाही, हे रोज पाहायला कुठलाही शास्त्रज्ञ येऊ शकत नाही. तुम्ही तिथेच राहता.

चातकाचंही तसंच. पावसाच्या तोंडावर तो येतो हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण कुठल्या जिल्ह्यात नेमका कधी पोचतो, हे कळण्यासाठी शेकडो ठिकाणच्या लोकांनी ‘आज पहिला चातक दिसला’ एवढं तारखेसह लिहावं लागतं. स्थलांतरी पक्ष्यांच्या अशा तारखा गोळा करण्यासाठी २००७ मध्ये मायग्रंटवॉच हा उपक्रम सुरू झाला, तो पूर्णपणे हौशी लोकांच्या बळावर.

कावळा, चिमणी, साळुंकी रोजच दिसतात. त्याही लिहायच्या?

त्याच आधी लिहा. माझ्या मते नव्या निरीक्षकाची सगळ्यात मोठी चूक हीच असते, की काहीतरी दुर्मीळ दिसेपर्यंत तो थांबून राहतो. दुर्मीळ पक्ष्याच्या मागे पन्नास कॅमेरे लागतात आणि त्याच्या नोंदी आपोआप होतात. साळुंकीची नोंद कुणीच करत नाही. मग वीस वर्षांनी ‘पूर्वी इथे किती होत्या?’ असं विचारलं की सांगायला हातात काही नसतं.

चिमणीचं उदाहरण घ्या. चिमण्या संपल्या, असं आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. नोंदी तपासल्यावर दिसलं, की मोठ्या शहरांत त्या खरोखर कमी झाल्या आहेत, पण देशभरचा विचार केला तर गेल्या पंचवीसेक वर्षांत त्यांची संख्या बरीचशी टिकून आहे. हे कळलं, कारण काही लोक कंटाळा न करता प्रत्येक वेळी ‘चिमणी’ लिहीत राहिले.

म्हणूनच ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, यादी भरताना शेवटी विचारतात, की दिसलेले आणि ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही लिहिलेत का? याचं उत्तर ‘हो’ देता येईल अशीच यादी करा. सगळं लिहिलं असेल, तर यादीत जे नाही त्यालाही अर्थ येतो. पाषाण तलावावरच्या शंभर पूर्ण याद्यांपैकी एखादा पक्षी आज ऐंशी याद्यांत असेल आणि दहा वर्षांनी वीसच याद्यांत उरला, तर काहीतरी बिघडलंय हे कळतं. फक्त आवडलेले पक्षी लिहिले, तर हे कधीच कळणार नाही.

नोंदीत नेमकं काय काय असावं?

काय दिसलं, कुठे, कधी, किती आणि काय करत होतं. पहिल्या चार गोष्टी नसतील तर ती नुसती आठवण होते. एक नमुना देतो:

‘१२ जून, सकाळी ६.४० ते ७.३०. वेताळ टेकडी, सुमारे दीड किलोमीटर चाललो. रात्री पाऊस, आता ढगाळ. मोर ३ (दोन नुसते ऐकले). लालबुड्या बुलबुल ११. तित्तिर २, ऐकले. सातभाई ७, गिरिपुष्पाखाली पाचोळा उलटत होते. चातक १, सातभाईंच्या मागोमाग झाडावरून झाडावर.’

शेवटच्या ओळीकडे नीट बघा. चातक आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. म्हणजे तो सातभाईंच्या मागे का फिरत होता, हे लिहिणाऱ्याला त्या क्षणी माहीत असो वा नसो, वाचणाऱ्याला कळतं. म्हणून वागणूक एका ओळीत का होईना, लिहावीच. ‘छान पक्षी दिसला’ यातून काहीच हाती लागत नाही.

आकडा अंदाजे असला तरी चालतो. थवा मोठा असेल तर त्यातले दहा मोजा आणि तेवढे दहाचे किती गट दिसतात ते बघा. ‘खूप’ असं मात्र लिहू नका.

नाव ओळखता आलं नाही तर?

जेवढी खात्री आहे तेवढंच लिहा. ‘कोळी’, ‘चतुर’, ‘घारीएवढा शिकारी पक्षी’ एवढंही पुरतं. फोटो असेल तर पुढचं नाव दुसरं कुणी सुचवतं. अंदाजाने नेमकं नाव ठोकून देण्यापेक्षा हे कधीही चांगलं, कारण चुकीची नोंद शोधून काढणं फार जिकिरीचं असतं.

सुरुवातीला गोंधळवणारी काही मंडळी ठरलेली आहेत. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेला, आंब्यात लपणारा ‘वेगळा’ पक्षी बहुतेक वेळा कोकिळेची मादी निघतो, कारण काळा असतो तो नर. पावसाळ्यात कोकणातल्या घरांच्या भिंतींवर बसणारा, पंखांच्या टोकाला सापाचं डोकं असल्यासारखा दिसणारा वितभर पतंग म्हणजे ॲटलास. तो चावत नाही, विषारी नाही. त्याला धड तोंडच नसतं. सुरवंट असताना खाल्लेल्यावर तो पुढचे थोडे दिवस काढतो आणि जोडीदार शोधून मरतो. त्याला केरसुणीने हाकलू नका, फोटो काढा आणि आहे तिथे राहू द्या.

मोबाइलमधलं ॲप जे नाव सुचवतं त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. फोटोवरून नाव सांगणारी ॲप्स कधीकधी अमेरिकेतला किंवा युरोपातला कीटक सुचवतात. ती जात आपल्याकडे सापडते का, हे नकाशावर बघूनच ‘हो’ म्हणा. आवाजावरून पक्षी सांगणारं मर्लिन चांगलं आहे, पण आपल्या जंगलातला भृंगराज कोतवाल आणि पर्णपक्षी इतर पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करतात. त्यांनी शिक्रा काढून दाखवला तर ॲप शिक्रा लिहितं. पक्षी डोळ्यांनी दिसला नसेल तर तो आवाज आधी नीट ओळखीचा करून घ्या.

मोठा कॅमेरा नाही. मोबाइलवर चालेल?

चालेल. नोंदीसाठी फोटो सुंदर असण्यापेक्षा त्यात ओळखीची खूण दिसणं महत्त्वाचं. फुलपाखराचे पंख उघडे आणि मिटलेले, दोन्ही बाजू घ्या, कारण कित्येक जाती मिटलेल्या पंखांवरूनच ओळखतात. झाडाचं नुसतं फूल पुरत नाही. पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे दिसू द्या, शिवाय खोडाची साल आणि फळही. अळंबीचा फोटो वरून काढलात तर तसाच खालूनही काढा, छत्रीच्या खालच्या बाजूला पडदे आहेत की छिद्रं, ते दिसलं पाहिजे. पावलाच्या ठशाशेजारी नाणं किंवा पेन ठेवा. बेडूक उचलायची गरज नसते, बाजूने आणि वरून असे दोन फोटो बहुतेक वेळा पुरतात.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फोनने काढलेल्या फोटोत तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर जागाही साठवलेली असते. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवला की ही माहिती निघून जाते. म्हणून नोंद करताना मूळ फोटोच वापरा.

फोटो काढायच्या आत उडून गेला. आता?

पक्ष्यांच्या यादीला फोटो लागत नाही, लिहून टाका. नेहमीपेक्षा वेगळा पक्षी असेल तर आकार, चोच, शेपटी, उडण्याची ढब आणि आवाज तिथल्या तिथे लिहा. घरी येऊन पुस्तक उघडलं की त्यातलं चित्र आपल्या आठवणीत मिसळायला लागतं.

नोंद करायची कुठे?

पक्ष्यांसाठी ईबर्ड. २००२ मध्ये अमेरिकेत सुरू झालं, आता जगभर चालतं आणि भारतातला वापर खूप मोठा आहे. बाकी सगळ्यासाठी, म्हणजे कीटक, वनस्पती, साप, बेडूक, बुरशी, आयनॅचरलिस्ट किंवा आपल्या देशातलं इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल. झाडांना पालवी, फुलं, फळं कधी येतात हे दर आठवड्याला टिपायचं असेल तर सीझनवॉच. तुमच्या शाळेच्या आवारातला बहावा किंवा आंबा त्यासाठी पुरतो, आणि मुलांसाठी मला हा सगळ्यात चांगला उपक्रम वाटतो. झाड पळून जात नाही, त्यामुळे मूल निराश होत नाही.

आयनॅचरलिस्टवर कुंडीतला झेंडू किंवा प्राणिसंग्रहालयातला वाघ टाकलात तर ‘लावलेलं, पाळलेलं’ अशी खूण आवर्जून करा. ती नसेल तर कुणीतरी त्याला रानातली नोंद समजेल.

सगळीकडे नोंदवायचा अट्टहास नको. एक जागा निवडा आणि तिथे सातत्य ठेवा. मित्रमंडळींच्या ग्रुपवर फोटो टाकायला हरकत नाही, पण चार दिवसांत तो वर सरकून नाहीसा होतो, हे ध्यानात ठेवा.

दिसलेल्या गोष्टीची जागा जाहीर सांगावी का?

बहुतेक वेळा खुशाल सांगा. काही बाबतीत अजिबात सांगू नका. हा प्रश्न मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मांडूळ हा बिचारा मातीत राहणारा, निरुपद्रवी साप. शेपूट डोक्यासारखी बोथट असल्यामुळे त्याला दुतोंड्या म्हणतात आणि गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी त्याची तस्करी होते. खवले मांजर खवल्यांसाठी मारलं जातं. चांदणी कासव पाळण्यासाठी पकडून विकलं जातं. घुबडांना दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यापायी धोका असतो. यातलं काहीही दिसलं तर गावाचं नाव, शेताची खूण, झाडाचा फोटो, काहीही उघड करू नका. ‘फक्त आपल्या ग्रुपवर’ असंही करू नका, कारण ग्रुपवरची गोष्ट ग्रुपवर राहत नाही. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातींची जागा आपोआप वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी अशी धूसर होते आणि ईबर्डही काही जातींच्या जागा झाकतं. तरीही फोटोखाली तुम्ही स्वतः ‘अमुक मंदिरामागे’ असं लिहिलंत तर त्या सोयीचा काही उपयोग उरत नाही.

तस्कर नसले तरी गर्दी असतेच. मे अखेरीला, पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या परिसरात काजवे झाडंच्या झाडं उजळून टाकतात. त्यांचं चमकणं हा नर-मादीचा एकमेकांशी संवाद असतो. गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च, फ्लॅश यांनी तो तुटतो, आणि गवतातल्या माद्या पायांखाली जातात. अशा वेळी नवं झाड सापडलं तर त्याचा नकाशा शेअर न करणं हीच त्या झाडाला केलेली मदत. रान प्रिय असणाऱ्याने एवढा मोह आवरायलाच हवा असं मला वाटतं.

घरटं सापडलंय. रोज फोटो टाकू का?

नको. घरट्यापाशी माणूस पुन्हा पुन्हा जायला लागला की कावळा, भारद्वाज, मांजर यांच्या ते नजरेत येतं. फोटो नीट यावा म्हणून समोरची फांदी बाजूला केली तर पिल्लांवरची सावली जाते. लांबून एकदा बघा, नोंदीत ‘घरटं आहे, पालक चारा नेत आहेत’ एवढं लिहा, आणि फोटो टाकायचाच असेल तर पिल्लं उडून गेल्यावर टाका.

तीच गोष्ट रेकॉर्ड केलेला आवाज वाजवण्याची. पावसाळ्यात विणीसाठी आलेला नवरंग आपल्याच जातीचा आवाज ऐकून हद्द राखायला धावून येतो. पिल्लांना भरवायचं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत बसतो. हे कुणी केलं तर तिथल्या तिथे विनंती करून थांबवावं.

पिल्लू खाली पडलंय. घरी आणू?

अंगावर पिसं असतील आणि टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. दयाळ, बुलबुल यांची पिल्लं असे एक-दोन दिवस जमिनीवर काढतात आणि आई-बाप जवळच असतात. मांजर-कुत्रं असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात ही समजूत खरी नाही. उघडंबोडकं पिल्लू असेल तर जमल्यास घरट्यात परत ठेवा. घरी नेऊन दूध-भात भरवू नका, त्याने पिल्लं मरतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे रानातले पक्षी पाळणं गुन्हाही आहे.

घरात साप निघाला. फोटोवरून तो विषारी आहे का, सांगाल?

आधी सुरक्षित अंतरावर व्हा, लहान मुलं आणि पाळीव प्राणी बाजूला करा, सापावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या प्रशिक्षित सर्पमित्राला फोन करा. फोटो त्यानंतर, तोही लांबूनच.

आपल्याकडे माणसांना सर्वाधिक धोका ज्यांच्यामुळे होतो ते चार साप: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नेहमीचा गोंधळ मण्यार आणि बिनविषारी कवड्यात होतो. मण्यार चकचकीत काळा, त्यावरचे पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीने, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. दोघेही रात्री फिरतात आणि दोघेही घरात येतात. हा फरक मृत किंवा फोटोतल्या सापावर शिकावा. समोरचा जिवंत साप कवड्याच आहे असं ठरवून हात घालू नये.

चावा झाला असेल तर नोंद, फोटो, ओळख सगळं बाजूला ठेवा. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. चावलेला भाग न हलवता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठा. आपल्याकडची प्रतिविषाची लस या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप पकडून नेण्यात वेळ घालवायची गरज नाही.

हातात साप धरलेला फोटो कुणी पाठवला तर त्याला दाद देऊ नका. ते बघून दुसरा पोरगा हात घालतो.

‘आमच्या सोसायटीत बिबट्या’ असा व्हिडिओ आलाय. पुढे पाठवू?

स्वतः पाहिला नसेल तर नको. जुने, दुसऱ्या राज्यातले, आता तर संगणकाने बनवलेलेही व्हिडिओ गावोगाव फिरतात, लोक घाबरतात आणि वनविभागाची माणसं खोट्या जागी धावत राहतात. खरोखर दिसला असेल तर १९२६ ला कळवा.

जुन्नर भागात ऊसतोडणीच्या वेळी फडात बिबट्याचे बछडे सापडतात. त्यांना उचलून, मांडीवर घेऊन फोटो काढणं हे सगळ्यात घातक. मादी जवळपास असते आणि बछडा हरवला तर तिथेच घिरट्या घालते. तोडणी थांबवून माणसं बाजूला झाली आणि बछडे जागेवर ठेवले, तर रात्री ती येऊन त्यांना घेऊन जाते, असं वनविभागाने अनेकदा करून दाखवलंय.

माझी ओळख कुणीतरी बदलली. वाईट वाटलं.

कशावरून बदलली ते विचारा. समोरचा पंखावरचा ठिपका किंवा पायाचा रंग दाखवून देतो आणि पुढच्या वेळी तुम्हाला तो दिसतो. पटलं नाही तर आपलं कारण मांडा. पटलं तर बदल स्वीकारा.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. आम्हाला काय दिसणार?

कढीपत्त्याची कुंडी आहे? तिची कोवळी पानं उलटून बघा. कॉमन मॉरमॉन फुलपाखराची मादी तिथे एकेक गोल, फिकट अंडं घालते. बाहेर आलेली अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी-पांढरी, ओलसर चकाकणारी. मोठी होताना कात टाकते आणि एक दिवस एकदम हिरवी होते. तिला हलकेच पानाने डिवचलंत तर डोक्यामागून लालसर दोन फाट्यांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. कुंडीवर औषध मारू नका, चार पानं तिची. आपलं राज्य फुलपाखरू, ब्लू मॉरमॉन, तिचंच जवळचं नातलग. महाराष्ट्राने ते २०१५ मध्ये जाहीर केलं आणि असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. त्याच्या अळ्या लिंबू-वर्गातल्या झाडांवर वाढतात.

पावसाळ्यात रात्री गॅलरीत दिव्यासमोर पांढरी चादर लावली की पतंग येतात. तासाभराने दिवा बंद करा, नाहीतर पहाटे पक्षी त्यांच्यावर ताव मारतात.

कधीपासून सुरुवात करू?

आजच. पण सोबत हवी असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ तारखेला आणि पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचा १२ ला, त्या दोन तारखांमधला हा आठवडा. हिवाळी पाहुणे तोवर आलेले असतात. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात, त्यात पंधरा मिनिटांची यादीही चालते. त्याच सुमाराला पळस आणि काटेसावर फुललेली असते. एका झाडाखाली तासभर थांबलात तर सूर्यपक्षी, मैना, कोतवाल, पळसमैना, चष्मेवाला, सगळे मधासाठी येऊन जातात आणि तुमची पहिली यादी भरते.

आजोबांच्या जुन्या वह्या सापडल्या आहेत. त्यांत पक्ष्यांची नावं आहेत. त्यांचं काय करू?

आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, कारण जुनी शाई आणि वाळवी वाट बघत नाहीत. मग तारीख आणि ठिकाण दोन्ही असलेली पानं वेगळी काढा. ईबर्डवर जुन्या तारखांच्या याद्या भरता येतात, आणि किती वेळ, किती अंतर हे माहीत नसेल तर त्यासाठी ‘ऐतिहासिक’ असा वेगळा प्रकार आहे. आजोबांनी लिहिलेलं गावठी नाव शेऱ्यात जसंच्या तसं ठेवा. ते कुठल्या पक्ष्याचं हे त्याच गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारा, कारण एकच नाव दोन तालुक्यांत दोन पक्ष्यांना असू शकतं. ज्या पानावर तारीख नाही, तिथे अंदाजाने घालू नका.